पाकीट क्रमांक दोन

हे सगळं झालं ते २०१८ साली. शिमगा उरकला होता, पालखी घरोघर फिरून देवळात परतली होती, मुंबईची माणसं मुंबईला गेली होती आणि भाट्याच्या पुलावरून आंब्याचे टेम्पो धावायला लागले होते. आप्पांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आप्पा म्हणजे माझे यजमान. सगळी रत्नागिरी त्यांना आप्पा म्हणायची. ते असताना मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, पण त्यांच्या माघारी मीही आप्पाच म्हणू लागले.

त्या दिवशी सकाळी गुणवंती आली ती हात हलवत. गुणवंती मिरकरवाड्याची, खारव्यांची. पुलापलीकडे भाट्यात, माझ्या दारात तिची मासळीची पाटी किती वर्षं उतरत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. पाटीशिवाय तिला मी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे क्षणभर मला ती कोणी दुसरीच बाई वाटली.

"पाटी कुठाय गो?" मी विचारलं.

"आज पाटी नाय. आज मीच तुमच्याकडे गिऱ्हाईक." तिनं कमरेच्या बटव्यातून घडी केलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढला. "वाचा काकी."

समुद्राकडच्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या वसतिगृहात मुलांना दोन वेळचं जेवण द्यायचं, त्यासाठी महिला बचत गटांकडून निविदा मागवल्या होत्या. गुणवंती त्यांच्या गटाची अध्यक्ष. गटानं अंगणवाडीचा खाऊ केला होता, लग्नांच्या पंगती उठवल्या होत्या. स्वैपाकाची भीती तिला नव्हती, कागदाची होती.

"आप्पा टेंडरं भरायचे. तुम्हाला येत असेल."

"भरायचे ते. मी नुसती लाख लावायची."

"मग लावा लाख. बाकीचं रुपाली बघेल."

रुपाली तिची सून. मुलगा खंडू ट्रॉलरवर, महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. रुपाली पनवेलला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होती आणि त्यांची मुलगी अक्षया इथे आजीजवळ. शिमग्याला रुपाली रजा घेऊन आली होती. ती घरात शिरली तेव्हा अक्षयानं काय केलं, ते गुणवंतीनं मला पायरीवर बसून सांगितलं. पोरीनं आईच्या हातातली पिशवी घेतली, खुर्ची पुढे ओढली आणि आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. पाहुण्यांना देतात तसं.

"पाणी पिवून रुपाली मोरीत जावन रडली," गुणवंती म्हणाली. "आता शेठचा फोन आलाय. सोमवारी ये, नायतर येऊच नको. हे काम मिळालं तर ती जायची नाय, काकी. नाय मिळालं तर जाईल, आणि पोर तिला परत पाणी आणून देईल."

मी तो तुकडा पुन्हा वाचला. शेवटची तारीख शुक्रवार, दुपारी तीनपर्यंत.

"उद्यापासून दुपारी येत जा," मी म्हटलं. "रुपालीला घेऊन ये. आणि हातांना मासळीचा वास नको. कागदाला लागतो."

"वास नाय म्हणजे? माझी ओळख कशी पटायची मग?"

आप्पा छोटे ठेकेदार होते. रस्त्याखालच्या मोऱ्या, ओढ्यांवरचे साकव, शाळांच्या पडव्या अशी कामं घ्यायचे. टेंडरचे दिवस आले की आमच्या माजघरात सतरंजी पसरली जायची. कागदांचे गठ्ठे, दाभण, सुती दोरा, मेणबत्ती, तांबड्या लाखेची कांडी आणि आप्पांच्या नावाची पितळी मोहोर. पानांवर आकडे घालायचे, प्रत्येक पानावर सही, मग दाभणानं भोकं पाडून शिवायचं. शिवण माझी आणि लाखही माझी, कारण आप्पांचा हात थरथरायचा आणि लाखेचे थेंब भलतीकडेच पडायचे. लाख जळताना गोडसर, करपट वास येतो. आमच्या मुलांना तो वास आला की समजायचं, आज घरात मोठ्यानं बोलायचं नाही.

आप्पांचा एक नियम होता. दराचा कागद ज्याचा त्यानं भरायचा आणि घडी घालूनच खोलीबाहेर आणायचा. त्या वेळी मीसुद्धा पडवीत जाऊन बसायची. "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही," ते म्हणायचे, "पण आकडा दोघांना माहीत झाला की तो पाकिटात राहत नाही, हवेत जातो." मला त्यात कधी काही कमीपणा वाटला नाही. घडी हातात यायची, मी ती पाकिटात सरकवायची आणि लाख पेटवायची. इतकी टेंडरं माझ्या हातून गेली, पण एकाचाही दर मी पाहिला नाही.

तर दुसऱ्या दिवसापासून तीच सतरंजी पुन्हा पसरली. गटाची नोंदणी, अन्न परवाना, अंगणवाडीचा दाखला, बँकेचं पत्र अशी सगळी कागदं रुपालीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून आणली होती. बाई कमी बोलणारी, पण हात चालणारा. मी आकडे घालत होते, ती गटाचा शिक्का मारत होती आणि गुणवंती सह्या करत होती.

"काकी, माझ्या लग्नातसुद्धा एवढे सोपस्कार झाले नव्हते," गुणवंती म्हणाली.

"तिथे एक अंगठा दिला की सुटलात," रुपाली खाली मान घालूनच बोलली.

"बघा, बोलते कशी! सासऱ्यासमोर बोलली असतीस तर दाखवलं असतंन तुला."

"मामंजी मला घाबरायचे आई, तुम्हालाच माहीत नाही."

अशा हसण्याखिदळण्यात पाकीट क्रमांक एक तयार झालं. सगळी कागदं त्यात. पाकीट क्रमांक दोनमध्ये फक्त दरपत्रक, म्हणजे एका ताटाचा दर. दोन्ही पाकिटं वेगवेगळी लाख लावून बंद करायची आणि मग एका मोठ्या पाकिटात घालून तेही लाखेनं बंद करायचं.

गुरुवारी दुपारी दर भरायची वेळ आली तशी मी उठले. "तुम्ही दोघी बसा. मी पडवीत आहे."

"तुम्ही कुठे चाललात? तुमच्यापासून काय लपवायचंय?" गुणवंती म्हणाली.

"आप्पांची पद्धत आहे," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

पडवीत बसल्यावर आतून दोघींची कुजबूज ऐकू येत होती. मग रुपालीचा फोन वाजला, ती बोलत बोलत मागच्या दाराला गेली. थोड्या वेळानं गुणवंतीनं हाक मारली आणि घडी केलेला कागद माझ्या हातात ठेवला. मी तो न उघडता पाकिटात घातला, मेणबत्ती लावली आणि लाख धरली. माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, तरी थेंब जागच्या जागी पडले. आप्पांची मोहोर उचलून दाबली. घरात तो वास पसरला आणि मला किती बरं वाटलं ते काय सांगू. ओलसर डोळे गुणवंतीला दिसू नयेत म्हणून मी मेणबत्ती विझवण्यात उगाच वेळ घालवला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास गुणवंतीचा भाचा रितेश रिक्षा घेऊन आला. आम्ही तिघी मागे बसलो, पाकीट माझ्या मांडीवर. वेळ भरपूर होता.

"आधी भैरीला जाव्या," गुणवंती म्हणाली. "गाऱ्हाणं घालून मग कागद टाकू."

भैरीबुवा म्हणजे रत्नागिरीचा राखणदार. होडी पाण्यात लोटायची असो की मुलाचं लग्न ठरवायचं असो, मिरकरवाड्याची माणसं आधी त्याच्या कानावर घालतात. मला घाई नव्हती. उन्हात देवळाची फरशी गार लागत होती. गुरवानं नारळ हातात घेतला आणि गुणवंतीला विचारलं, "काय सांगायचं ता सांग बाय, काय राखून ठेवू नको." गुणवंती त्याच्या कानाशी लागून बराच वेळ बोलली. देवाशी व्यवहार करताना ती आमच्याइतकी कंजूष नव्हती.

गुरवानं आवाज लावला, "बा देवा भैरीबुवा महाराजा! ही तुझी लेक मिरकरवाड्याची गुणवंती, आज सरकारदरबारी कागद घेऊन निघाली, तिच्या वाटेत काय आडवं आलं असंल तर ते बाजूला कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही म्हटलं.

"तिच्या सुनेला तिच्या घरात ठेव रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"तिनं पोरांच्या ताटाचा भाव लिवून दिलान, आणि त्यावर दर बुधवारी तळलेला बांगडा नि वाटीभर कढी फुकट घालीन, असं पण कागदावर लिवून दिलान, ते सायबाच्या मनास येव दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" दोघी म्हणाल्या. माझा आवाज निघालाच नाही.

गुरव नारळ फोडायला वळला. मी गुणवंतीचा दंड धरून तिला खांबाआड नेलं.

"कुठे लिहिलंस?"

"काय?"

"बांगडा! बांगडा कुठे लिहिलास?"

"भावाखाली. जागा होती कोरी." ती जरा लाजून हसली. "सही करताना सुचलं. रुपाली फोनवर होती. मी म्हटलं, नुसता भाव सगळेच लिवतील. आपण वर घालू."

वर घालणं म्हणजे काय, हे रत्नागिरीत मासळी घेणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. भाव ठरतो, मासे पिशवीत पडतात, आणि मग मासेवाली आणखी एक मासा उचलून वर टाकते. त्याचे पैसे नसतात. तो टाकला नाही तर सौदा झाल्यासारखा वाटत नाही, बाई उद्या दुसरीकडे जाते. गुणवंतीनं माझ्या पिशवीत किती मांदेल्या आणि बांगडे असे वर टाकले असतील! तिनं सरकारच्याही पिशवीत टाकला.

"अगो, दराच्या कागदावर दराशिवाय एक अक्षर चालत नाही," मी म्हटलं. "जास्तीचं काहीही लिहिलं की ती अट होते. अट घातली की टेंडर बाद. आप्पांनी एकदा लिहिलं होतं, पाऊस लवकर आल्यास मुदत वाढवून मिळावी. बस. एवढ्यावरून हातचा साकव गेला."

"पण ते मागत होते. मी तर देतेय!"

"देणं काय नि मागणं काय, लिहिलंस ना? मग बाद."

"फुकट देणाऱ्याला बाद करतात? असलं कसलं सरकार?"

रुपाली बाजूला उभी होती. ती सासूवर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आई, मी शेठला काल फोनवर सांगितलं की येत नाही."

गुणवंतीचं हसू तिथंच थांबलं. ती देवळाच्या पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून.

आप्पांची पद्धत पाळून मी पडवीत बसले, तिनं तिची पद्धत पाळून वर घातलं, आणि दोन्ही पद्धती लाखेखाली बंद होऊन माझ्या हातात होत्या. पण बसून भागणार नव्हतं.

"ऊठ," मी म्हटलं. "पाकीट फोडायचं. फॉर्म संगणकावर आहे, झेरॉक्सवाल्या गुरुप्रसादकडे नवा काढू."

"तुमच्या घरी जाऊन लाख लावायला लागेल परत," रुपाली म्हणाली.

रितेशनं मान हलवली. "काकी, पुलावर आंब्याचा टेम्पो आडवा झालाय म्हणतात. आता भाट्याला गेलात तर तिथंच जेवा आणि रात्रीच या."

"मग इथेच बघू. आधी झेरॉक्स."

दुपारच्या वेळी रत्नागिरीत काही काम निघू नये. एक वाजला की सगळं गाव शटर ओढतं, घरी जाऊन जेवतं आणि चारपर्यंत आडवं होतं. आम्ही पोचलो तेव्हा गुरुप्रसादचं शटर गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि खालून त्याच्या चपला दिसत होत्या.

"गुरुप्रसाद!" मी ओरडले.

चपला थांबल्या. "चारनंतर या."

"मी आहे. मथुराकाकू."

शटर कमरेपर्यंत वर गेलं आणि गुरुप्रसाद वाकून बाहेर बघू लागला. "काकू, घरी सरंग्याची आमटी आहे. बायको ताट वाढून बसलीय. माझा संसार मोडेल."

"मी तिला फोन करते. तू मशीन चालू कर."

"तिला तुम्ही फोन करू नका. त्यापेक्षा मशीन चालू करतो," असं म्हणून त्यानं आम्हाला वाकवून आत घेतलं. त्यानं फॉर्म काढला, दोन प्रती छापल्या, दोन पाकिटंही दिली आणि काय घोटाळा झाला ते ऐकून पोट धरून हसला. मग रुपालीचा चेहरा पाहून त्यानं कपाटातून तिला एक नवीन पेन काढून दिलं.

मी मोठं पाकीट फोडलं, मग क्रमांक दोनचं. लाख कडकन तुटली. आप्पांच्या नावाचे दोन तुकडे झाले. रुपालीनं जुनं दरपत्रक बाहेर काढलं, बघून बघून नव्यावर दर लिहिला, जुनं बारीक फाडलं. पिशवीतला गटाचा शिक्का मारला. गुणवंतीनं सही केली. सही करून तिनं पेन असं दूर ढकललं की जणू ते चावतंय.

"काकी," ती म्हणाली, "आता बघून घ्या. माझा भरवसा नाय."

मी कागद घेतला. जन्मात पहिल्यांदा उघडं दरपत्रक माझ्या हातात होतं. मी दर लिहिलेल्या जागेवर तळहात ठेवला आणि खालचा भाग तेवढा पाहिला. सही, शिक्का, बाकी कोरं. पाठीमागची बाजूही पाहिली. मग घडी घातली.

"आकडा नाय बघितलात?" गुणवंतीनं विचारलं.

"तो तुझा आहे," मी म्हटलं.

आता लाख. गुरुप्रसादकडे डिंक होता, चिकटपट्टी होती, स्टेपलर होता. "लाख कोण ठेवतं काकू हल्ली? पोस्टातसुद्धा मिळायची नाही." मी डोळे मिटून विचार करत होते की लाख कोणाला लागते, आणि मला माझ्या पाटल्या आठवल्या. पोकळ पाटली चेपू नये म्हणून सोनार तिच्यात लाख भरतो. "सोनाराकडे चल," मी रितेशला सांगितलं.

रावजी सोनार आप्पांचे मित्र. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. ते जेवून बंडी घालून झोपाळ्यावर पडले होते. आम्ही हाका मारल्यावर उठून बसले आणि माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी स्वप्नातच आले आहे.

"मथुरावहिनी? भर दुपारी? काय मोडायला आणलंत?"

"मोडायचं काही नाही. लाख पाहिजे. पाकिटावर लावायला."

"पाकिटावर? माझी लाख दागिन्यात घालायची आहे. काळी. तुमच्या त्या टेंडरवाल्या तांबड्या कांडीसारखी दिसायची नाही."

"नियमात लाख म्हटलंय, रंग सांगितलेला नाही."

"आप्पा गेला, पण त्याचं भांडण तुमच्याकडे ठेवून गेला," असं पुटपुटत त्यांनी दिवा पेटवला. काळी लाख वितळायला लागली आणि तोच वास आला, थोडा जाडसर. रावजींनी सळईवर गोळा धरून पाकिटाच्या घडीवर सोडला. "हं, मोहोर?"

मोहोर घरी होती, पुलापलीकडे. मी खरोखरच विसरले होते.

"रुपया दाबा," रितेश म्हणाला.

"रुपया नाही चालत. रुपया कोणाकडेही असतो. ज्याची त्याची खूण पाहिजे."

"वहिनी, लवकर बोला, थिजतंय," रावजी म्हणाले.

रुपालीनं गळ्यातली पोत पुढे ओढली. मंगळसूत्राच्या बाजूला सोन्याचा इवलासा मासा लोंबत होता, अंगावर खवल्यांची नक्षी, शेपटी वर उचललेली. ती पाकिटावर वाकली, मासा बोटानं लाखेवर दाबला आणि उचलला. काळ्या लाखेत मासा उमटला. डोळासुद्धा दिसत होता.

"हा माझ्या बापानं घडवलेला," रावजी म्हणाले. मग त्यांची झोप पुरती उडाली. क्रमांक दोनवर, मग मोठ्या पाकिटाच्या प्रत्येक घडीवर त्यांनी स्वतः लाख सोडली आणि रुपाली वाकून वाकून मासे उमटवत गेली. क्रमांक एकवर आप्पांची तांबडी मोहोर तशीच होती, ते पाकीट आम्ही फोडलं नव्हतं.

कार्यालयात आम्ही पोचलो तेव्हा शिपाई पेटीला कुलूप घालायच्या तयारीत किल्ली शोधत होता. गुणवंतीनं पाकीट फटीत सरकवलं. ते आत पडल्याचा धप्प असा आवाज आला आणि ती तिथेच पेटीला टेकून उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा, कुलूप घालायचंय," शिपाई म्हणाला.

"घाल बाबा," ती म्हणाली. "घट्ट घाल."

पाकिटं थोड्याच वेळात सगळ्यांसमोर उघडणार होती, म्हणून आम्ही थांबलो. तीनच निविदा आल्या होत्या. टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी आमचं पाकीट उचललं आणि जवळ नेऊन पाहिलं.

"हा मासा कोणाचा?"

"माझा," रुपाली उभी राहून म्हणाली. "म्हणजे, आमच्या गटाचा."

बाई हसल्या नाहीत, पण बाजूच्या कारकुनाला म्हणाल्या, "लाख शाबूत आहे, लिहा."

तिघांचीही पहिली पाकिटं ठीक निघाली. मग दरांची पाकिटं. पहिलं एका बाहेरगावच्या गटाचं होतं. बाईंनी दर वाचला. त्या थांबल्या आणि खालची ओळ वाचली, "गॅसचा भाव वाढल्यास त्या प्रमाणात दर वाढवून मिळावा." कागद बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "सशर्त. बाद."

गुणवंतीनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. मी हात सोडवला नाही.

दुसऱ्याचा दर वाचला. मग आमचा. तो दर मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, सगळ्यांबरोबर, आणि तो दुसऱ्यापेक्षा कमी होता. कारकुनानं लिहून घेतलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अध्यक्ष कोण? सोमवारी येऊन करारावर सही करा."

"सोमवारी," रुपाली म्हणाली. एवढंच. मग ती कोपऱ्यातल्या माठाकडे गेली आणि पेल्यामागून पेला पाणी प्यायली.

बाहेर आल्यावर गुणवंती एवढी जोरात हसली की झाडावरचे कावळे उडाले. "काकी, कागदावर नाय लिवलं, पण पोरांच्या ताटात बुधवारी बांगडा घातला तर बाद करतात काय?"

"ताटात घालायला कोणाची मनाई नाही."

"मग घालीनच."

रितेशनं आम्हाला उसाचा रस पाजला. पुलावरचा टेम्पो तोवर सरळ झाला होता. घरी पोचून मी माजघरातली सतरंजी गुंडाळली, चहा केला आणि पडवीत बसून सगळा एकटीनं प्यायले. इतका निवांत चहा मी कितीतरी दिवसांत घेतला नव्हता.

आता सांगायचं तर, ते काम गटाकडे आजही आहे. मध्ये करोनात वसतिगृह बंद पडलं, तेव्हा गटानं इस्पितळातल्या नातेवाइकांना डबे पुरवले आणि तग धरला. नंतरचं टेंडर संगणकावर भरलं. त्यात लाख नाही, मोहोर नाही, सही करायलासुद्धा संगणकात पेनड्राइव्हसारखी एक काडी खुपसायची असते. ते गुरुप्रसादनं भरून दिलं. त्याचं दुकान आता मोठं झालं आहे, पण एक वाजता तो शटर ओढतोच.

रावजी करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आहे. रितेशनं रिक्षा विकून टेम्पो घेतला. वसतिगृहाची भाजी तोच आणतो आणि भाड्यावरून मामीशी भांडतो. खंडू अजून ट्रॉलरवर आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तो वसतिगृहात कांदे चिरतो आणि बायको साहेब झाल्याचं सगळ्यांना सांगत सुटतो. त्या अधिकारी बाईंची बदली झाली. जाताना त्या एका बुधवारी जेवून गेल्या, असं ऐकलं.

गुणवंतीचे गुडघे गेले. पाटी तिनं सोडली आणि अध्यक्षपद रुपालीला दिलं. बुधवारी मात्र ती खुर्ची घेऊन चुलीपाशी बसते आणि बांगडे स्वतः तळते. मला डबा येतो. मी ऐंशी ओलांडली आहे. दाताखाली काटे येतात, पण खाते.

अक्षया आता नववीत आहे. आईशी दिवसातून दोनदा भांडते, तिची ओढणी न विचारता नेते आणि पाणी मागितलं तर "तूच घे ना" म्हणते.

रुपाली त्यानंतर पनवेलला एकदाच गेली. तिथल्या खोलीत तिची ट्रंक राहिली होती, ती आणायला. सकाळच्या गाडीनं गेली आणि रात्रीच्या गाडीनं परत आली.